हृद्रोहिणीचा पेटका : एका निसटत्या निदानाचा इतिहास

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांना हृद्रोहिणी किंवा, दवाखान्यातील रोजच्या बोलण्यात, कोरोनरी म्हणतात. या वाहिन्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा एक थर असतो आणि तो हृदयाच्या गरजेप्रमाणे सैल किंवा घट्ट होत राहतो. काही माणसांत मात्र हा थर एकाएकी इतका आवळतो की वाहिनी काही मिनिटांपुरती जवळजवळ बंद होते, पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते आणि छातीत कळ उठते; पोटरीत गोळा यावा तसाच हा पेटका असतो, आणि पोटरीतल्या गोळ्याप्रमाणेच तो आपोआप सुटतोही. सुटल्यानंतर मागे काहीही उरत नाही, आणि याच कारणाने या आजाराने वैद्यकशास्त्राला सुमारे दोनशे वर्षे चकवले. नेहमीच्या हृदयविकारात वाहिनीत साचलेला मेदाचा थर, म्हणजे ‘ब्लॉकेज’, सकाळी पाहा वा संध्याकाळी पाहा, जागच्या जागी असतो. पेटक्याच्या आजारात पुरावा फक्त कळेच्या त्या पाच-दहा मिनिटांतच हाती लागू शकतो. या निदानाचा इतिहास म्हणूनच तो क्षण पकडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि रुग्णाचे पुढचे आयुष्य कसे जाईल हे तो क्षण पकडला गेला की नाही यावर मोठ्या प्रमाणात ठरत आले आहे.

सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या चोपडा तालुक्यासारख्या ठिकाणी ही अडचण अधिक ठळकपणे दिसते. रेल्वे तापीच्या दक्षिणेकडून, धरणगाव-अमळनेरवरून जाते. जिल्ह्याचे गाव, जळगाव, नदीपलीकडे सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. आणि पेटक्याची कळ बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात किंवा पहाटे येते. हिवाळ्यात खान्देशात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि थंडी हेच पेटक्याला चेतवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. केळीला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहत शेतात थांबलेल्या शेतकऱ्याला अशा वेळी छातीत आवळल्यासारखे झाले, तर घरात त्याला ‘पित्त झाले’, ‘गॅस धरला’ किंवा ‘वायगोळा उठला’ असे नाव मिळते. दिवस उजाडून माणूस दवाखान्यात पोहोचतो तेव्हा कळ गेलेली असते, ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा कागदावरचा आलेख, निर्दोष निघतो आणि घरच्यांनी दिलेले नावच खरे ठरते. यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही, कारण आजाराचा स्वभावच असा आहे की पहिल्या प्रतीचे वैद्यही त्याच्यापुढे दीर्घकाळ फसले.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर छातीच्या एका विलक्षण व्याधीचे वर्णन वाचले आणि १७७२ मध्ये ते छापून आले. गळा आवळण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून त्यांनी त्या व्याधीला ‘अंजायना’ हे नाव दिले. चढण चढताना, विशेषतः जेवणानंतर चालताना, छातीत उठणारी आणि थांबताच ओसरणारी कळ हे त्या वर्णनाचे मुख्य अंग होते. परंतु काही रुग्णांना ही कळ अंथरुणात, रात्री पहिल्या झोपेनंतर येते, हेही हेबर्डन यांच्या नजरेतून सुटले नव्हते. पुढच्या पिढ्यांनी पहिले अंग उचलले आणि दुसरे बाजूला ठेवले. श्रमाने येणारी कळ समजायला सोपी होती, कारण वाहिनी अरुंद आहे, श्रमाने मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो, असा सरळ हिशेब तिथे मांडता येतो. निजलेल्या माणसाच्या हृदयाची मागणी का वाढावी, याला त्या हिशेबात उत्तर नव्हते.

उत्तराची पहिली चाहूल औषधाच्या वाटेने लागली. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत काम करणाऱ्या टॉमस लॉडर ब्रंटन या तरुण वैद्याने रात्री कळ येणाऱ्या एका रुग्णाच्या नाडीचा आलेख कळ चालू असताना काढला. रोहिण्यांमधील ताण त्या वेळी वाढलेला त्याला दिसला, आणि त्यावरून रक्तवाहिन्या सैल करणारा अमिल नायट्राइटचा वायू हुंगायला देण्याची कल्पना त्याला सुचली. मिनिटभराच्या आत कळ थांबली. हे काम १८६७ साली प्रसिद्ध झाले. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी त्याच कामासाठी नायट्रोग्लिसरीन आणले. सुरुंगाच्या दारूतला हा पदार्थ औषध म्हणून आजही जिभेखालच्या गोळीच्या रूपात टिकून आहे, आणि आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली ‘सॉर्बिट्रेट’ ही त्याच कुळातली आहे. ब्रंटन यांच्या पद्धतीत एक गोष्ट फार मोलाची होती: त्यांनी कळ ओसरल्यावर तर्क केला नाही, कळ चालू असताना मोजमाप केले. पुढे शंभर वर्षांनी या आजाराचे कोडे सुटले ते याच रीतीने.

मधल्या काळात मात्र पेटक्याची कल्पना मागे पडली. विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या मोठ्या वैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तिला जागा दिली होती, पण शवविच्छेदनाच्या मेजावर दिसायच्या त्या घट्ट झालेल्या, चुना साचलेल्या वाहिन्या. १९१२ मध्ये जेम्स हेरिक यांनी हृद्रोहिणीतील रक्ताच्या गुठळीचे चित्र स्पष्टपणे मांडले आणि १९२८ मध्ये कीफर व रेझ्निक यांनी अंजायना म्हणजे स्नायूला प्राणवायूचा तुटवडा, असा सिद्धांत घट्ट रोवला. मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात, त्यामुळे पेटका शवात दिसणे शक्यच नव्हते. तरीही, दिसला नाही म्हणून तो नाही, असे मानले गेले. वैद्यकाच्या इतिहासातली ही चूक साधी नव्हती, कारण तिच्यामुळे निजताना कळ येणारे असंख्य रुग्ण चिंताग्रस्त किंवा मनाचे रोगी ठरवले गेले.

१९५९ साली लॉस एंजेलिसचे मायरन प्रिंझमेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ रुग्णांवर आधारलेला लेख प्रसिद्ध करून या रुग्णांना पुन्हा वैद्यकाच्या समोर आणले. त्यांची कळ श्रमाने येत नसे, विश्रांतीत येई. अनेकांत ती दिवसाच्या ठरावीक घटकेलाच येई. आणि कळ असताना काढलेल्या ईसीजीत ‘एसटी’ नावाचा रेषाखंड वर उचललेला दिसे, जो श्रमाच्या अंजायनात बहुधा खाली दबलेला असतो. कळ ओसरली की आलेख पूर्ववत होई. प्रिंझमेटल यांनी या प्रकाराला अंजायनाचे ‘वेगळे रूप’ म्हटले आणि वाहिनीचा ताण वाढल्याने ती तात्पुरती बंद होत असावी, असा तर्क केला. तर्क बरोबर होता, पण जिवंत माणसाच्या वाहिनीत पेटका कोणी दाखवून दिलेला नव्हता.

तो दाखवण्याचे साधन एका अपघातातून नुकतेच हाती आले होते. क्लीव्हलँड येथे १९५८ मध्ये मेसन सोन्स यांच्या तपासणीत नळी चुकून उजव्या हृद्रोहिणीत शिरली आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य थेट तिच्यात सुटले. रुग्ण वाचला आणि त्यातून कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. या तंत्राने पेटका दिसू लागला खरा, पण नवीच शंका निर्माण झाली, कारण नळीच्या टोकाचा स्पर्श झाल्यानेही वाहिनी आवळू शकते. त्यामुळे पेटका आणि रुग्णाची नेहमीची कळ, ईसीजीतला बदल आणि पडद्यावरचे चित्र एकाच वेळी जुळून येणे आवश्यक होते. या पुराव्याच्या आरंभीच्या कामांत १९७२ सालचा एक निबंध आहे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजी’त छापलेल्या त्या निबंधात प्रिंझमेटल प्रकारच्या अंजायनातील पेटका अँजिओग्राफीने दाखवला आहे, आणि त्याच्या लेखकांत पहिले नाव आर. डब्ल्यू. धुरंधर असे आहे. मराठी वाचकाला हे आडनाव परके वाटणार नाही, आणि हृदयरोगाच्या इतिहासात ते या जागी आहे हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवलेले बरे. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ऑलिव्हा आणि सहकाऱ्यांनी असाच पुरावा मांडला आणि वाद जवळजवळ मिटला.

त्याच दशकात इटलीतील पीझा येथे आत्तिलिओ मासेरी यांनी जे केले ते ब्रंटन यांच्या रीतीचे पूर्ण रूप म्हणावे लागेल. त्यांनी रुग्णांना अतिदक्षता कक्षात सलग नजरेखाली ठेवले, नाडी, रक्तदाब आणि ईसीजी यांची अखंड नोंद केली, आणि कळ येण्यापूर्वी नाडीचा वेग किंवा रक्तदाब वाढतच नाही, आधी पुरवठा तुटतो आणि मग कळ येते, हे दाखवून दिले. अनेकदा ईसीजी बदलतो पण रुग्णाला काही जाणवतच नाही, हेही याच नोंदींतून उघड झाले. पेटका लांबला तर हृदयाच्या स्नायूचा भाग कायमचा मरतो, म्हणजे खरा झटका येतो, असे त्यांच्या गटाने १९७८ मध्ये मांडले. ‘निरुपद्रवी कळ’ ही समजूत इथे संपली.

पण मासेरींच्या रुग्णांना वारंवार कळ येत असे. ज्यांना महिन्यातून एकदा कळ येते त्यांच्यासाठी वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून पेटका मुद्दाम घडवून पाहण्याच्या चाचण्या आल्या. त्यातली एक अर्गोनोव्हिनची. हे द्रव्य राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीतून मिळते. अरगट हा शब्द खान्देशच्या शेतकऱ्याला चांगला परिचयाचा आहे, कारण बाजरीच्या कणसावरही तो पडतो आणि पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या २० टक्के द्रावणात बुडवून वर तरंगणारे दाणे काढून टाकण्याची शिफारस कृषी विभाग करत आला आहे. १९५०च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने विषबाधेची साथ आली होती. बाजरीच्या अरगटातील द्रव्ये वेगळ्या गटातली असतात आणि त्यांनी मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो. युरोपात राईच्या अरगटाने मात्र हातापायांच्या वाहिन्या आवळून बोटे झडत. त्याच आवळण्याच्या गुणामुळे त्यातील द्रव्य बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला वापरात आले, आणि मेथर्जिन या नावाने त्याचा जवळचा भाऊबंद आपल्या प्रसूतिगृहांत आजही असतो. पेटक्याचा आजार असलेल्या स्त्रीला ते इंजेक्शन धोक्याचे ठरू शकते. छातीत रात्री कळ येण्याचा इतिहास प्रसूतीपूर्वी विचारणे त्यामुळे गरजेचे आहे. चाचणी म्हणून अर्गोनोव्हिन शिरेतून देताना पेटका न सुटल्याने मृत्यू झाल्याचे वृत्तांत १९८०च्या सुमारास आले, आणि तेव्हापासून औषध व उतारा दोन्ही थेट हृद्रोहिणीत देण्याची शिस्त रूढ झाली.

जपानमध्ये हा आजार पाश्चात्त्य देशांहून अधिक आढळतो, आणि पुढचा इतिहास बव्हंशी जपानी आहे. कुमामोतो विद्यापीठाचे हिरोफुमी यासुए यांनी १९८६ मध्ये असेटिलकोलीन हे शरीरातच असणारे द्रव्य हृद्रोहिणीत सोडून पेटका घडवण्याची चाचणी मांडली. निरोगी वाहिनीच्या आतल्या पातळ अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडते आणि वाहिनी सैल होते. अस्तर बिघडलेले असेल तर तेच असेटिलकोलीन वाहिनीला आवळते. या अस्तराचे काम न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये उघड केले होते आणि त्यासाठी १९९८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ब्रंटन यांच्या वायूने आणि मरेल यांच्या औषधाने कळ का थांबत होती, याचा उलगडा अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी झाला, कारण ती औषधे शरीरात जाऊन हेच नायट्रिक ऑक्साइड देतात.

रुग्णाच्या भवितव्याचा प्रश्न याच काळात आकड्यांत उत्तर देऊ लागला. स्नायूपेशीत कॅल्शियम शिरू न देणारी औषधे, म्हणजे डिल्टियाझेम, निफेडिपिन आणि पुढे आलेली अमलोडिपिन, पेटका रोखण्यात इतकी परिणामकारक ठरली की तीच उपचाराचा पाया झाली. यासुए आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २४५ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला, त्यात दहा वर्षांनंतर ९३ टक्के रुग्ण जिवंत होते, तर ८१ टक्के रुग्ण जिवंत असून झटक्यापासूनही दूर राहिले होते. कॅल्शियमविरोधी औषध चालू असणे, वाहिनीत मूळचे ब्लॉकेज किती आहे आणि एकापेक्षा अधिक वाहिन्यांत पेटका येतो का, यांवर निकाल ठरत होता. आजार सुरू झाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे कॅनडातील पाठपुराव्यातूनही दिसले. याच्या उलट, श्रमाच्या अंजायनाचे हुकमी औषध असलेले प्रोप्रॅनोलॉल या रुग्णांना अपाय करू शकते, हेही स्पष्ट झाले, कारण त्याने वाहिनी सैल करणारे संदेश अडतात आणि आवळणारे मोकळे राहतात. चुकीचे निदान येथे केवळ निरुपयोगी ठरत नाही, ते रुग्णाच्या हाती उलटे औषध देते.

२०१३ साली जपानी संशोधकांच्या गटाने १४२९ रुग्णांच्या माहितीवरून धोका मोजण्याची गुणपद्धती दिली. तिच्यात सर्वांत जड माप पडले ते रुग्णालयाबाहेर एकदा हृदय बंद पडून वाचलेल्यांचे, चार गुण. त्याखालोखाल धूम्रपान, केवळ विश्रांतीतच येणारी कळ, मूळचे ब्लॉकेज आणि अनेक वाहिन्यांतील पेटका यांना दोन-दोन, आणि कळेत एसटी रेषाखंड उचलला जाणे व प्रोप्रॅनोलॉलच्या गटातील औषध चालू असणे यांना एकेक. दोन गुणांपर्यंतच्या रुग्णांत गंभीर घटना सुमारे अडीच टक्क्यांत घडल्या, सहा किंवा अधिक गुणांच्या रुग्णांत १३ टक्क्यांत. या यादीत धूम्रपान एवढीच गोष्ट पूर्णपणे रुग्णाच्या हातची आहे. खान्देशातल्या शेतात आणि पारावर विडी ज्या सहजतेने पेटते, ती पाहता या दोन गुणांचे वजन चोपड्यात कुमामोतोपेक्षा कमी मानण्याचे कारण नाही.

पुढे, २०१७ मध्ये, अनेक देशांतील तज्ज्ञांच्या गटाने निदानाचे निकष एकत्र बांधून दिले. जिभेखालच्या गोळीने लगेच थांबणारी, विश्रांतीत आणि विशेषतः रात्री-पहाटे येणारी कळ. कळ असतानाच दिसणारे ईसीजीतले तात्पुरते बदल. आणि अँजिओग्राफीत ९० टक्क्यांहून अधिक आवळलेली वाहिनी. पहिले दोन जुळले तर निदान पक्के मानायला तिसऱ्यासाठी अडून बसावे लागत नाही. ग्रामीण भागासाठी हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पेटका घडवून पाहण्याची चाचणी भारतात मोजक्याच केंद्रांत होते, पण ईसीजीचे यंत्र तालुक्याला पोहोचले आहे.

महाराष्ट्राने वाहिन्यांच्या आवळण्याविरुद्ध असे एक काम खेड्यातून करून दाखवलेले आहे. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या एकाएकी आवळतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोकणातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांची लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली, त्यांतील हृदयाची पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडली आणि १९८६ मध्ये वाहिन्यांचे आवळणे सोडवणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवला. अत्यवस्थ रुग्णांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर अगदी खाली आले. विंचूदंश आणि हृद्रोहिणीचा पेटका हे दोन वेगळे आजार आहेत. पण दोन्हींत इजा आवळण्याची आहे, ती उलटवता येते, आणि ती ओळखायला लागते ते मुख्यतः रुग्णाजवळ योग्य वेळी असणे.

दोन जुलै २०१२ रोजी राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते, आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेमुळे खान्देशातल्या सामान्य घरांनाही अँजिओप्लास्टी परवडू लागली. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. हा लाभ मोठा आहे. मात्र या सोयीबरोबर लोकांच्या मनात एक समीकरणही पक्के झाले, ते असे की अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले तर हृदयविकार, न निघाले तर काही नाही. पेटक्याच्या रुग्णाला हे समीकरण महागात पडते. निर्दोष अँजिओग्राफीचा अर्थ त्या घटकेला वाहिनी मोकळी होती एवढाच असतो, आणि ज्याच्या वाहिनीत मूळचे ब्लॉकेज नाही त्याच्या पेटक्यावर स्टेंट हा उपाय नव्हे, कारण पेटका त्याच वाहिनीत पुढे किंवा दुसऱ्या वाहिनीत येऊ शकतो. औषध बरे वाटल्यावर अचानक बंद केले तर कळ अधिक जोराने परतू शकते, हेही सांगितले गेले पाहिजे.

छातीत कळ असताना ईसीजीत एसटी रेषाखंड उचललेला दिसला, तर पेटक्यापेक्षा गुठळीने आलेला झटका कितीतरी अधिक संभवनीय असतो, आणि तो पेटका असेल म्हणून घरी थांबणे प्राणावर बेतू शकते. तेव्हा रात्री किंवा पहाटे छातीत आवळल्यासारखी कळ आली, ती डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात कळ चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावा, आणि तो कागद, कळ ओसरली आणि दुसरा कागद निर्दोष निघाला तरी, जपून ठेवून पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.